'चेहरा स्टेजवर उठत नाही' म्हणणाऱ्या शाळांना खुलं पत्र

प्रति,
मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि स्नेहसंमेलन समितीचे सर्व सदस्य,
महाराष्ट्रातल्या मराठी शाळा

विषय : रंग, उंची, वजन आणि चेहरा बघून मुलांना निवडणं, मागे उभं करणं, हाक मारणं बंद करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी माझ्या मुलीच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्गशिक्षिकांचा निरोप आला. "गॅदरिंगच्या पाहुण्यांच्या स्वागतासाठी सहा मुली हव्यात. उंच, उजळ, दिसायला छान असलेल्या मुलींच्या पालकांनी नावं कळवावीत. नऊवारी शाळेकडून मिळेल." पंधरा-वीस पालकांनी अंगठे दिले. दोघींनी आपापल्या मुलींचे फोटोही टाकले. अर्ध्या तासाने बाईंनी तो निरोप पुसला आणि 'उजळ' एवढा एक शब्द काढून पुन्हा टाकला.

पण तोवर माझ्या मुलीने तो वाचला होता. फोन तिच्याच हातात होता. तिने तो ओट्यावर उलटा करून ठेवला आणि दप्तर भरायला गेली. बोलली काही नाही. तिचं हे न बोलणं मी अकरा महिने बघते आहे. म्हणून हे पत्र.

मी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी औषधांचं दुकान चालवते. सतरा वर्षं झाली. मानसशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही, पण गेल्या वर्षात या विषयावर जे हाताला लागलं ते वाचून काढलं, कारण घरात रोज तेच घडत होतं. माझा रंग काळा आहे. लोक मला बरं वाटावं म्हणून 'सावळी' म्हणतात. माझी लेक माझ्यावर गेली आहे.

मागच्या डिसेंबरात ती सहावीत होती. सोळा मुलींचा कोळी नाच बसवला होता. तीन आठवडे ती पहिल्या ओळीत होती, उजवीकडून दुसरी. तिला ठेका पटकन सापडतो. बाकीच्या मुली चुकायला लागल्या की तिच्या पायांकडे बघायच्या, आणि बाईही म्हणायच्या, "हिच्याकडे बघा गं." गॅदरिंगला चार दिवस उरले तेव्हा ड्रेपरीवाल्याने लुगडी आणली, मुलींच्या अंगाला लावून बघितली, आणि त्याच संध्याकाळी हिची जागा बदलली. तिसरी ओळ, अगदी कडेला. तिने बाईंना विचारलं, "माझं काही चुकतंय का?" बाई म्हणाल्या, "नाही गं, नाच छानच करतेस तू. पण तुझा चेहरा स्टेजवर उठत नाही."

यातलं 'नाच छानच करतेस' हे तिला ऐकूच आलं नाही. घरी येऊन तिने मला फक्त शेवटचं वाक्य सांगितलं.

गॅदरिंगच्या दिवशी सातवी 'अ'च्या वर्गात मेकअप चालला होता. बाकं भिंतीला सरकवलेली, ट्यूबलाइटखाली एक खुर्ची, मेकअपवाल्याच्या हातात ओला स्पंज आणि पॅनकेकची एकच डबी. चाळीस मुलींना एकच रंग. माझ्या मुलीची पाळी आली तेव्हा बाईंनी दारातून सांगितलं, "हिला जरा जास्त मारा." त्याने तीन हात दिले. चेहरा पिठात बुडवून काढल्यासारखा झाला आणि मान, हात, पाय आपल्या रंगाचे राहिले. मुली हसल्या. एका मुलीने मोबाईलवर फोटो काढला. तो अजून कुणाकुणाकडे आहे.

रात्री घरी मी खोबरेल तेल लावून सगळं काढलं. ती म्हणाली, "अजून आहे." मी म्हटलं, "निघालं गं सगळं, बघ आरशात." ती मोरीत उभी राहून पंचाने गाल घासत राहिली, अगदी हुळहुळे होईपर्यंत. पॅनकेक केव्हाच निघालं होतं. ती घासत होती तो तिचा स्वतःचा रंग होता.

त्यानंतर एकेक गोष्ट गळत गेली. तिने चहा सोडला, कारण चहाने काळं होतं असं कुणीतरी सांगितलं होतं. दुसऱ्या बाकावर बसायची, ती शेवटून दुसऱ्या बाकावर गेली. मार्चच्या उन्हात पूर्ण बाह्यांचं स्वेटर घालून शाळेत जायला लागली. माझ्या भाचीच्या बाळाच्या बारशाला सगळे फोटोसाठी जमले, तेव्हा ही मागे जाऊन पाहुण्यांचे कप विसळत बसली. गणितात उत्तर येत असतं, पण हात वर करत नाही, कारण हात वर केला की वर्ग तिच्याकडे बघतो. एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिने विचारलं, "आई, मी झाले तेव्हापण अशीच होते का गं?" मी हो म्हटलं. "मग तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं का?" मी म्हटलं, कुणी नाही. खोटं बोलले. पाचव्या दिवशी बघायला आलेली एक बाई पाळण्यात डोकावून म्हणाली होती, "रंग बापाचा घेतला असता तर बरं झालं असतं."

मनाचं हे काय होतं, ते मला एका जुन्या प्रयोगातून नीट कळलं. १९८० साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा या मानसशास्त्रज्ञांनी काही जणींच्या चेहऱ्यावर मेकअपने एक मोठा व्रण काढला आणि तो त्यांना आरशात दाखवला. मग 'व्रण तडकू नये म्हणून क्रीम लावतो' असं सांगून त्यांच्या नकळत तो पुसून टाकला. चेहरा स्वच्छ होता, पण त्या बायकांच्या समजुतीने व्रण तिथेच होता. तसंच त्यांना एका अनोळखी माणसाशी बोलायला बसवलं. नंतर विचारलं, तर त्यांनी सांगितलं की समोरच्याचं वागणं व्रणामुळे बदललं होतं, तो अवघडला होता. समोरच्या माणसाला तर व्रण दिसतच नव्हता.

हे वाचलं त्या रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून मी तशीच बसून राहिले. मला तो पंचा आठवत होता. बाईंनी डिसेंबरात तिच्या मनात एक व्रण काढून दिला आणि पुढचे अकरा महिने ती प्रत्येकाच्या डोळ्यांत तोच शोधते आहे. कुणी सहज बघितलं तरी तिला वाटतं, रंगाकडेच बघितलं. दोन मुली कुजबुजल्या की विषय आपलाच असणार.

आणखी एक गोष्ट वाचली. २००५ साली नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी, माणसाची नजर फोटोत नेमकी कुठे जाते हे मोजून बघितलं. ज्यांच्यात खाण्याच्या विकाराची लक्षणं होती त्यांची नजर स्वतःच्या शरीराच्या न आवडणाऱ्या भागांवर आणि दुसऱ्याच्या शरीराच्या सुंदर भागांवर जास्त जात होती. बाकीच्यांचं नेमकं उलट होतं. म्हणजे आरसा सगळ्यांना सारखाच मिळाला तरी बघणं सारखं नसतं. अशा मुलीला 'आरशात बघ, किती छान दिसतेस' म्हणून काही उपयोग होत नाही. ती आरशात तिला दुखतं तेवढंच बघते. मी हे महिनाभर करत होते. आता करत नाही.

जानेवारीत मी मुख्याध्यापकांना भेटले. त्यांनी चहा मागवला, नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "ताई, बाईंचा हेतू वाईट नव्हता. स्टेजचं म्हणून काही असतं. सगळ्यांना संधी दिलीच ना आपण?" मी लेखी अर्ज दिला. त्याची पोच माझ्याकडे आहे. उत्तर अजून आलेलं नाही. आणि गेल्या सोमवारी तो निरोप आला.

हेतू वाईट नव्हता हे मला मान्य आहे. त्या बाई मनाने चांगल्या आहेत. मुलीला ताप आला होता तेव्हा स्वतःच्या स्कूटरवरून घरी सोडून गेल्या होत्या. म्हणूनच हे पत्र त्यांच्या एकटीच्या नावाने लिहिलेलं नाही. ही एका शाळेची रीत असती तर मी एका शाळेशी भांडले असते. मी स्वतः १९९४ साली सातवीत होते, दुसऱ्याच जिल्ह्यात. आषाढीची दिंडी होती. मला रखुमाई व्हायचं होतं, दोन अभंग पाठ होते. बाई म्हणाल्या, "तू विठोबा हो, काळं फासायची गरज नाही." सगळे हसले, मीही हसले. हातभर पीतांबर नेसून मी गावभर मिरवले आणि रखुमाई म्हणून वर्गातली सगळ्यात गोरी मुलगी माझ्या शेजारी उभी होती. आजही कितीतरी शाळांच्या दिंड्यांचे फोटो बघते. विठोबा काळा चालतो, रखुमाई मात्र गोरीच निवडलेली असते. तीस वर्षांत माझ्या शिकवणाऱ्या बाईंचं नावही मी विसरले, ते वाक्य विसरले नाही. फोटो काढायची वेळ आली की मी अजून कुणाच्या तरी मागे सरकते.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार या 'उठत नाही' शब्दाबद्दल. चेहरा उठत नसेल तर दोष उजेडाचा आहे. आमच्या शाळेच्या स्टेजवर मागे झगमगता पांढरा पडदा असतो आणि समोरून दोन हॅलोजन. अशा पडद्यापुढे काळा-सावळा चेहरा झाकोळणारच. पडदा गडद रंगाचा केला, समोरचा उजेड खाली आणून दोन्ही बाजूंनी टाकला, तर तोच चेहरा मागच्या रांगेतल्या आजीलाही दिसेल. नाटकवाल्या कोणत्याही माणसाला विचारा. रंगीत फिल्मच्या काळात फोटोच्या छपाईचे रंग जुळवायला कोडॅकची कार्डं असायची, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. त्या गोऱ्या कातडीला बरोबर ते बरोबर असं ठरलं, आणि बाकी जगाच्या काळ्या-सावळ्या माणसांचे फोटो वर्षानुवर्षं डागासारखे आले. यंत्र कुणासाठी जुळवायचं हे माणसंच ठरवतात. तुम्हीही ठरवता. फक्त तुम्ही दिवा हलवायच्या ऐवजी मुलगी हलवता.

दुसरी तक्रार वजनाच्या काट्याबद्दल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. शाळेत तपासणीला डॉक्टर येतात, हे फार चांगलं काम आहे आणि ते चालूच राहावं. पण वजन कसं होतं ते आठवून बघा. काटा वर्गात फळ्याजवळ, मुलं ओळीने, एक शिक्षक काट्यापाशी आणि दुसरे टेबलापाशी तक्ता भरत. मग आकडा इकडून तिकडे ओरडून सांगायचा. "अठ्ठावन्न!" आणि वर्ग हसतो. माझ्या दुकानासमोर राहणारी आठवीतली मुलगी त्या दिवसापासून डबा तसाच परत आणायला लागली. तिच्या आईला दीड महिन्याने कळलं, मुलगी चक्कर येऊन पडली तेव्हा. मुलग्यांचंही तेच. 'काडी' म्हणून हिणवलेली नववी-दहावीतली पोरं माझ्याकडे भूक वाढवायची गोळी मागायला येतात, वजन वाढायचं चूर्ण मागतात, आणि कशाला हवं विचारलं की खाली बघतात. मुलींच्या दिसण्याबद्दल निदान आयांशी तरी बोलणं होतं. ही पोरं कुणाशीच बोलत नाहीत.

तिसरी, हाका. काळ्या, ढोल्या, बुटक्या, चष्मिष, दातऱ्या. ही नावं मुलं एकमेकांना ठेवतात हे खरं. पण वर्गात ती पक्की होतात ती शिक्षकाने एकदा हसून वापरली की. सरांनी हाक मारली म्हणजे त्यावर शाळेचा शिक्का बसतो. शिक्षणहक्क कायदा २००९ चा आहे. त्याच्या १७ व्या कलमात मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई आहे, आणि तसं करणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई करायची तरतूदही आहे. छडी बंद झाली, कारण तिचा वळ दिसायचा.

चौथी तक्रार पुस्तकांबद्दल. ती थोडक्यात सांगते, कारण तेव्हा निदान आरडाओरड झाली. आपल्याच राज्य मंडळाच्या बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात हुंड्याची कारणं सांगताना, मुलगी कुरूप किंवा अपंग असेल तर लग्न जमणं अवघड जातं आणि वरपक्ष जास्त हुंडा मागतो, असं छापलेलं होतं. २०१७ साली ते उघडकीला आलं, गदारोळ झाला, आणि तो भाग काढून टाकू असं सांगण्यात आलं. पश्चिम बंगालमध्ये बर्धमान इथल्या एका शाळेत २०२० साली छोट्या मुलांच्या पुस्तकात 'अग्ली' या शब्दाशेजारी काळ्या वर्णाच्या मुलाचं चित्र सापडलं आणि दोन शिक्षिका निलंबित झाल्या. छापलेलं होतं म्हणून सापडलं. वर्गात आणि ग्रीनरूममध्ये बोललेलं कुठे सापडणार?

पाचवी तक्रार मी दुकानदार म्हणून करते, आणि ती मला सगळ्यात जास्त टोचते. दर डिसेंबरात, गॅदरिंगच्या आधी पंधरा-वीस दिवस, आया आणि मोठ्या मुली 'चेहरा उजळायची ट्यूब' मागायला येतात. १९७५ साली बाजारात आलेल्या गोरेपणाच्या क्रीमच्या नावातून कंपनीने २०२० साली 'फेअर' हा शब्द काढला, पण माझ्याकडे अजून सगळे जुन्याच नावाने मागतात. त्यावर भागत नाही तेव्हा दुसरी ट्यूब मागतात. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन, तीन औषधं एकत्र असलेली. ती वांगावर, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळपट डागांवर, डॉक्टरांच्या देखरेखीत, थोडे दिवस लावायची असते. त्यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. सुरुवातीला चेहरा उजळतो, म्हणून बाई खूश. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, उन्हात आग होते, कधी लव वाढते. ट्यूब बंद केली की चेहरा पेटून उठतो, म्हणून ती पुन्हा लावतात. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. मी विकत नाही. पण बाजारात ती मिळते, हे मला माहीत आहे आणि आयांनाही. बिननावाच्या डब्यांतल्या क्रीमचं तर बोलायलाच नको. २०२३ साली केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशी क्रीमं लावणाऱ्यांची मूत्रपिंडं बिघडल्याची प्रकरणं पुढे आली, क्रीममध्ये पारा निघाला.

मागच्या वर्षी एक आई माझ्याकडे आली होती. मुलगी पाचवीत. म्हणाली, "बाईंनी सांगितलंय, पुढच्या ओळीत घेते, पण जरा चेहऱ्याचं बघा." दहा वर्षांच्या मुलीला स्टेरॉइड लावायची तयारी त्या आईने कशासाठी केली होती? पहिल्या ओळीत उभं राहून चार मिनिटं नाचण्यासाठी.

तुम्ही म्हणाल, हे सगळं घरातूनच येतं. येतंच. हळदीचा लेप घालणारी आजी, 'उन्हात फिरू नको, आधीच काय कमी आहे' म्हणणारी आई, रंगाने डावी म्हणून चार पैसे जास्त मोजायची तयारी ठेवणारा बाप, ग्रुपवर फोटो टाकणारे पालक, आम्ही सगळे यात आहोत. पण घरचं माणूस बोललं तर मूल म्हणतं, आजी तशीच आहे. शाळेत बाईंनी जागा बदलली तर मूल तिला निकाल समजतं, परीक्षेच्या निकालासारखा, कारण शाळेत गुण, नंबर, जागा हे सगळं न्यायाने मिळतं असं आपणच त्याला शिकवलेलं असतं.

आणि वयाचं बघा. आपल्या दिसण्यात काहीतरी भयंकर खोट आहे, या विचाराने माणूस दिवसाचे तासन्‌तास पोखरला जातो, असा एक मानसिक आजारच आहे. एन्रिको मोर्सेली या इटालियन डॉक्टरांनी तो १८९१ सालीच नोंदवला होता. शंभरात साधारण दोघांना तो होतो. तो सुरू होण्याचं सर्वांत जास्त आढळणारं वय आहे १२-१३. सहावी, सातवी, आठवी. माझ्या मुलीला तो आजार नाही. मिरजेला डॉक्टरांना दाखवून मी खात्री करून घेतली. पण तुमच्या प्रत्येकाच्या शाळेत, पटावर तीनशे मुलं असतील तर, कुणाला ना कुणाला तो होणार आहे, आणि ते मूल कोणतं हे तुम्हाला आधी माहीत नसतं. एखाद्या टोमण्याने आजार होतो असं मी म्हणत नाही. ज्या मुलाच्या मनात ते आधीच शिजत असतं, त्याच्या हातात तुमचं वाक्य पुरावा म्हणून जातं.

माझ्या मागण्या साध्या आहेत. पैसे फारसे लागत नाहीत.

नाचात कोण पुढे, कोण मागे हे नाचावर ठरवा, नाहीतर कडवं संपलं की ओळी बदला. सोळा मुलींच्या नाचात हे सहज बसतं. पाहुण्यांच्या स्वागताला, औक्षणाला, तबक धरायला मुली चिठ्ठ्या टाकून निवडा, आणि मुलगेही घ्या. सूचनेत 'दिसायला छान', 'उंच', 'उजळ' यातला एकही शब्द नको.

मेकअपवाल्याला पॅनकेकच्या चार छटा आणायला सांगा, नाहीतर पॅनकेकच नको. काजळ आणि टिकली पुरे. कुणालाही 'जास्त मारू' नका.

वजन-उंची वेगळ्या खोलीत घ्या, एका वेळी एकच मूल, आकडा फक्त कार्डावर. ओरडून सांगायचा नाही, वर्गात वाचायचा नाही.

शरीरावरून हाक मारायची नाही, हा नियम आधी शिक्षकांच्या खोलीत लागू करा, मग वर्गात. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. दिसण्यावरून केलेल्या अपमानाची तक्रार तिच्यापुढे घ्या आणि पालकाला पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फलकावर लावा, मुलांना दिसेल अशा उंचीवर.

आपल्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एक तास या विषयाला द्या. तो तास शिक्षकांसाठी हवा. मुलांना 'आत्मविश्वास कसा वाढवावा' यावर व्याख्यान नको. ज्याला ढकललं, त्यालाच तोल सांभाळायचं शिकवण्यासारखं ते होईल.

आणि एक विनंती, मागणी नव्हे. हे पत्र वाचून कुणी माझ्या मुलीला जवळ घेऊन 'तूपण किती सुंदर आहेस' असं सांगू नका. ते ऐकलं की ती पुन्हा आरशापुढे जाऊन पडताळून बघते. तिच्या दिसण्याबद्दल काहीच बोलू नका. तिचा ठेका चांगला आहे, तिला अपूर्णांक तोंडी येतात, वर्गातल्या एका मुलीच्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा हिने आठवडाभर तिच्या वह्या लिहून दिल्या. बोलायचंच असेल तर त्याबद्दल बोला.

यंदा गॅदरिंगमध्ये नाव द्यायचं नाही असं ती म्हणते. मी बळजबरी केलेली नाही. पण परवा रात्री दुकानातून आले तेव्हा ती आतल्या खोलीत, दार लोटून, दिवा बंद ठेवून नाचत होती. घुंगरांसारखा आवाज येत होता म्हणून मी थांबले, तर तिने पायाला चाव्यांचा जुडगा बांधला होता. मी दार उघडलं नाही.

नावं द्यायची शेवटची तारीख २८ नोव्हेंबर आहे. माझ्या जानेवारीतल्या अर्जाचं उत्तर मला त्याआधी हवं आहे.

आपली,
सातवीतल्या एका मुलीची आई